चार छपरांची शाळा

आमच्या गावच्या शाळेनं आजवर चार छपरं पाहिली. पहिलं देवाचं, दुसरं मातीचं, तिसरं पत्र्याचं आणि चौथं सिमेंटचं. पहिली दोन माझ्या जन्माच्या आधीची. पुढच्या दोन्हींच्या कागदांवर मात्र माझी सही आहे. शाळेचा इतिहास म्हटलं की लोक मुख्याध्यापकांची यादी सांगतात, शाळेतून कोण फौजदार झाला, कोण इंजिनियर झाला ते सांगतात. त्या सगळ्यांच्या डोक्यावर काय होतं, ते कुणी सांगत नाही. म्हणून मी छपरांचा इतिहास लिहायला बसलो. दहावी शिकलेल्या शेतकऱ्यानं इतिहास लिहावा का, हा प्रश्न ज्याला पडेल त्यानं हे पान उलटावं. मी त्या चारांतल्या तीन छपरांखाली बसलोय, एवढाच माझा अधिकार.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगराच्या पायथ्याला. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मार्चपासून जूनपर्यंत डोंगराचा काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता ओकत बसतो. थंडीही तशीच. नगर जिल्ह्याचा पारा हिवाळ्यात राज्यात सगळ्यांत खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. म्हणजे आमच्या पोरांना ऊन आणि थंडी, दोन्ही पुरेपूर.

पहिलं छप्पर मारुतीच्या देवळाचं. वडील तिथं तिसरीपर्यंत शिकले. ते सांगायचे, सभामंडपात शाळा भरायची, खाली दगडी फरशी, तीन बाजूंनी मोकळं. सकाळी फरशी इतकी गार की बुडाखाली गोणपाट लागायचं, आणि दुपारी तीच फरशी बरी वाटायची. शेजारी लिंबाचं मोठं झाड. ऊन फिरलं की गुरुजी शाळा झाडाखाली न्यायचे. फळा एकच, दोघं पोरं उचलून न्यायची. त्याआधीच्या काळात तर फळाही नव्हता. पंतोजी कुणाच्या तरी ओसरीवर शाळा भरवायचे आणि पोरं धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची.

झाडाखालची शाळा ही काही गरिबांचीच रीत नव्हती. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग सुरू केले. जर्मनीत बर्लिनजवळ शार्लोटनबर्गला १९०४ मध्ये अशक्त, आजारी पोरांसाठी जंगलात उघड्यावरची शाळा निघाली. शहरातल्या कोंदट वर्गात पोरं आजारी पडतात, मोकळ्या हवेत सुधारतात, हे तिथल्या डॉक्टरांना आणि मास्तरांना दिसलं होतं. आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. इमारतीसाठी ते थांबून राहिले नाहीत, झाड दिसलं तिथं पोरं बसवली. संस्थेचं बोधचिन्हच वडाचं झाड आहे. नगर जिल्ह्यातल्या किती गावांना त्या वडाची सावली मिळाली, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

पण देवळाच्या सावलीची दुसरी बाजू वडीलच सांगायचे. ती सावली सगळ्यांची नव्हती. म्हारवाड्यातली दोन-तीन पोरं शाळेत यायची, ती मंडपाच्या पायरीखाली बसायची. मंडप पूर्वेकडं तोंड करून. त्यामुळं सकाळभर ऊन त्यांच्या तोंडावर. गुरुजी आतून शिकवायचे, ती बाहेरून ऐकायची. वडील एकदा मला म्हणाले, "आम्ही सावलीत पाढे म्हणायचो, ती उन्हात म्हणायची. पाढा एकच व्हता." बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकताना बसायचं गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव आणला आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना मोकळ्या कराव्यात असं ठरलं. ठराव मुंबईत झाला. आमच्या पायरीपर्यंत यायला त्याला फार वर्षं लागली. वर्गात कुणाला किती ऊन लागतं, हा प्रश्न नुसता हवामानाचा नसतो, हे मला त्या पायरीनं शिकवलं.

दुसरं छप्पर मातीचं, म्हणजे माळवद. लोकल बोर्डाच्या काळात, स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी, गावानं श्रमदानातून शाळा बांधली. कुणी दगड दिला, कुणी बैलगाडी दिली, कुणी बांधावरची बाभळ दिली. पुढं १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडं गेली, पण गाव तिला 'बोर्डाची शाळा'च म्हणत राहिलं. मी १९६६ साली त्या शाळेत पहिलीला बसलो.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगड-मातीच्या भिंती, दोन-अडीच फूट रुंद. भिंतीवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यावर किलचांची दाट बिछाईत. त्यावर लिंबाचा पाला किंवा तुराट्या, म्हणजे माती खाली गळत नाही आणि वाळवीही लवकर लागत नाही. सगळ्यात वर पांढरीची माती, चांगली फूटभर, धुम्मस करून बसवलेली. उजेडासाठी छताला एक सानं. पुढं लाकडी खांबांची पडवी.

ती शाळा उन्हाळ्यात गार असायची आणि थंडीत ऊबदार. लहानपणी वाटायचं, शाळेला काही तरी वेगळं वारं लागतं. पुढं कळलं, त्यात जादू काही नव्हती. जाड भिंत आणि फूटभर माती तापायला वेळ लागतो. दुपारचं ऊन भिंतीतून आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर पोरं घरी गेलेली असतात. रात्री भिंत हळूहळू निवते. हिवाळ्यात हीच गोष्ट उलटी. दिवसभराची ऊब भिंत धरून ठेवते आणि सकाळी आत शिरलं की कांबळ्यात शिरल्यासारखं वाटतं. पडवीमुळं ऊन भिंतीला थेट लागतच नव्हतं.

आमच्या एका गुरुजींनी हे मला वेगळ्या रीतीनं समजावलं. पाचवीत असताना ते आम्हाला एस.टी.नं नगरला सहलीला घेऊन गेले. जाताना पाथर्डी रस्त्यावर डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसते, लोक तिला चांदबिबी महाल म्हणतात. तो पाहिला आणि मग भिंगारच्या बाजूला फराहबाग. निजामशाहीत, सोळाव्या शतकात बांधलेला तो महाल. मधोमध उंचच उंच दालन, आणि महालाच्या चारी बाजूंनी तलाव. आम्ही गेलो तेव्हा तलावात पाणी नव्हतं, शेरडं चरत होती. गुरुजी म्हणाले, "पोरांनो, वारा पाण्यावरून यायचा, गार होऊन आत शिरायचा, आणि आतली गरम हवा वर जायची. सुलतानाला गारवा पाहिजे होता, त्यानं तळं बांधलं. आपल्याला गारवा पाहिजे, आपण माती चढवली. अक्कल एकच, पैसा निराळा." हे वाक्य मी पुढं आयुष्यभर वापरलं. ज्या दिवशी वापरायला पाहिजे होतं, त्या दिवशी मात्र विसरलो.

१९७२ चा दुष्काळ त्याच माळवदाखाली काढला. मी तेव्हा बारा वर्षांचा. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, पोरं शाळेत, खायला मिलो ज्वारी आणि सुकडी. विहिरींनी तळ गाठलेला. दुपारी बाराच्या सुमाराला कामावरच्या म्हाताऱ्या बाया शाळेच्या पडवीत येऊन टेकायच्या. गुरुजी त्यांना उठवायचे नाहीत. आत आम्ही कविता म्हणायचो, बाहेर त्यांचा डोळा लागलेला असायचा. माझी आजीही त्यांत असायची. ती म्हणायची, "आरं, तुमच्या साळंत बसलं की जीव जाग्यावर येतो." गावात पाणी नव्हतं, धान्य नव्हतं. पण चार घटका गारवा मिळेल अशी एक जागा होती, आणि ती शाळा होती. बारव, घाट, धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. आता जिल्ह्यालाही त्यांचं नाव मिळालंय. वाटसरूला सावली देणं हे पुण्याचं काम, ही समज त्या काळच्या माणसांच्या रक्तातच होती.

मात्र माळवदाचं नुसतं कौतुक करणं खोटेपणाचं होईल. आत अंधार असायचा. मागच्या रांगेतल्या पोराला फळा दिसायचा नाही. पावसाची झड लागली की माळवद ठिबकायचं आणि आम्ही पाट्या डोक्यावर धरायचो. किलचांतून विंचू पडायचे. दर वर्षी पावसाळ्याआधी नवी माती टाकावी लागायची, भेगा बुजवाव्या लागायच्या, वरचं गवत उपटावं लागायचं. गाव एकत्र होतं तोवर ते झालं.

मधल्या काळात माझ्या स्वतःच्या शिक्षणाचा निकाल लागला, तो पत्र्याखाली. हायस्कूल दुसऱ्या गावाला होतं. अकरावीची मॅट्रिक नुकतीच मोडीत निघून दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली होती. १९७६ मध्ये मी बसलो. आमचं केंद्र होतं तिथं मूळ इमारतीत जागा पुरली नाही, म्हणून आमचे नंबर पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारचा बीजगणिताचा पेपर. पत्रा डोक्यापासून चार हात वर. कपाळाचा घाम टपकन पेपरवर पडला आणि शाईच्या पेनानं लिहिलेलं समीकरण पसरलं. ते पुन्हा लिहिलं, पुन्हा थेंब पडला. शेवटी डोक्यात नुसती भणभण. मी काठावर पास झालो आणि शेतीला लागलो. पत्र्याला दोष देणार नाही, माझं बीजगणित आधीच कच्चं होतं. पण चाळीसेक वर्षांनी शहरात इंजिनियर असलेल्या पुतण्यानं एक गोष्ट सांगितली तेव्हा तो थेंब आठवला. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी तिथल्या जवळजवळ एक कोटी पोरांचे परीक्षेचे गुण आणि त्यांच्या गावचं तापमान शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. २०२० मध्ये ते छापून आलं. ज्या शाळांत वातानुकूलन नव्हतं तिथं वर्षभराचं तापमान एक अंश फॅरनहाइटनं जास्त असलं की त्या वर्षाचं शिकणं सुमारे एक टक्क्यानं कमी भरलं. आणि हा फटका गरिबांच्या पोरांना जास्त बसला. एक टक्का म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण आमच्याकडचं ऊन एका अंशानं कुठं वाढतं?

तिसरं छप्पर पत्र्याचं. इथून माझी सही सुरू होते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, जवळपास आठ हजार माणसं गेली. धरणी हलली हे खरं, पण माणसं मारली ती दगड-मातीच्या भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. भिंतीला चिरेबंदी नव्हती, आतले-बाहेरले दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, ते फाकले आणि वरची गाडीभर माती खाली आली. वर्तमानपत्रांतले फोटो पाहून आमच्या गावात रात्री कुणी घरात झोपेना. अंगणात बाजा टाकून झोपायचे.

आणि मग सगळ्यांची नजर शाळेवर गेली. माळवद जुनं झालेलं, एक तुळई वाकलेली, दोन उन्हाळे कुणी माती टाकलेली नव्हती. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा, गावच्या शिक्षण समितीत होतो. बैठकीत मीच उभा राहून बोललो, "उद्या हे पोरांच्या अंगावर आलं तर आपण तोंड कुठं लपवायचं?" बोलणं चुकीचं नव्हतं. आजही मला ते चुकीचं वाटत नाही. माळवद उतरवलं. भिंतींचा वरचा निम्मा भाग काढून विटांचं काम केलं, लोखंडी अँगल टाकले आणि वर पत्रा ठोकला. पत्रा हलका, पडला तरी माणूस मरणार नाही, हा हिशोब. पैसे कमी होते, म्हणून भिंतीची उंची कमी ठेवली. पडवी काढून टाकली, कारण तिच्यावर टाकायला पत्रे उरले नाहीत. आणि पत्र्यावर फांद्या घासतात, पानं साचतात, म्हणून पश्चिमेच्या बाजूचा लिंब तोडला. त्या लाकडाचे पैसे पत्र्याला लावले. त्या ठरावाखाली तिसरी सही माझी आहे.

पडण्याची भीती आम्ही घालवली आणि तापण्याची विसरलो.

पहिल्याच मार्चमध्ये बाई म्हणाल्या, "दहानंतर वर्गात बसवत नाही." आम्ही म्हणालो, सवय होईल. पत्र्याखालच्या उन्हाचं गणित वेगळं असतं. हवा किती तापली एवढ्यावर ते थांबत नाही. शेकोटीसमोर बसा, मागची हवा गार असली तरी तोंड भाजतं. तापलेला पत्रा म्हणजे डोक्यावर टांगलेली शेकोटी. पुतण्यानं सांगितलं की डेन्मार्कच्या फँगर नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० साली यावर पुस्तकच लिहिलं. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर असतं: हवेची उष्णता, आजूबाजूच्या भिंती-छपराची उष्णता, हवेतला दमटपणा, वारा, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम. मी मनात मोजलं. छप्पर तापलेलं, वारा बंद, अंगात टेरिकॉटचा गणवेश. सहातल्या तीन गोष्टी तर आम्हीच बिघडवल्या होत्या. हिवाळ्यात त्याच पत्र्याला रात्री आतून दव धरायचं आणि सकाळी प्रार्थनेच्या वेळी पोरांच्या मानेवर थेंब पडायचे.

चौथं छप्पर सिमेंटचं. त्याआधी १९८७ मध्ये सरकारची खडू-फळा मोहीम आली होती. प्रत्येक शाळेला सगळ्या ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या, पडवीसह, असं तिचं म्हणणं होतं. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानातून गावोगावी स्लॅबच्या खोल्या झाल्या. आमच्या वाट्याला दोन आल्या, पत्र्याच्या दोन खोल्या तशाच राहिल्या. पुढं शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातही 'सर्व ऋतूंत चालेल अशी इमारत' हे शब्द आहेत. शब्द चांगले आहेत. पण ऋतूंचं नाव काढलं की आमच्या डोक्यात फक्त पावसाळा येतो. पाणी गळत नाही ना, मग झालं. उन्हाळा हाही एक ऋतू आहे, हे आराखडा करणाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि सही करणाऱ्या माझ्याही नाही.

स्लॅब पत्र्यासारखा लगेच तापत नाही. तो दुपारपर्यंत दम धरतो आणि मग सोडत नाही. वर सावली नाही, मातीचा थर नाही, नुसती चार-पाच इंचांची काँक्रीट. पंखे बसवले, पण तेव्हा भारनियमनाचे दिवस, वीज दिवसभर गायब. नंतर वीज आली तर आम्ही वर्गणी काढून डिजिटल वर्ग केला. पडद्यावरचं दिसावं म्हणून खिडक्या बंद, वर काळे पडदे. चाळीस पोरं बंद खोलीत. तासाभरानं आत डोकावलं तर निम्मी पोरं पेंगत होती. मला वाटलं, कार्यक्रम कंटाळवाणा असेल. आता कळतं, हवाच शिळी झाली होती.

आणि सिमेंट म्हणजे पक्कं, हाही भ्रम होता. २८ ऑगस्ट २०१७ ला नगरजवळच्या निंबोडीत पावसात शाळेच्या खोलीचं छत कोसळलं आणि तीन लेकरं गेली. त्या रात्री आमच्या गावातल्या प्रत्येक आईनं पोराला कुशीत घेतलं असेल. मी उठून बॅटरी घेऊन शाळेत गेलो आणि स्लॅबला खालून तडे आहेत का ते पाहत उभा राहिलो. माझी सही डोळ्यांसमोर येत होती. तेव्हापासून छपराबद्दल बोलताना मी आधी एकच सांगतो: पहिलं, ते पडू नये. पण दुसरं लगेच सांगतो: ते पडत नाही एवढ्यावर थांबू नये.

ही दुसरी गोष्ट मला शिकवली माझ्या नातीनं. ती तिसरीत, पत्र्याच्या खोलीत. त्या वर्षी परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबलेल्या. २०२५ च्या मार्चअखेर राज्यभर हुकूम निघाला होता की उन्हामुळं प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ भरवाव्यात. सकाळची शाळा आमच्याकडं पूर्वीपासून आहे. विदर्भात तर जूनमधली शाळाही उन्हामुळं आमच्यापेक्षा उशिरा उघडते. पण एप्रिलमध्ये आमचा पत्रा दहालाच पेटतो. एके दिवशी साडेदहाला निरोप आला, नातीचा घोळणा फुटला. मी पळत गेलो. बाईंनी तिला बाहेर भिंतीच्या हातभर सावलीत बसवलं होतं, डोक्यावर पाणी थापत होत्या. गणवेशावर रक्ताचे डाग. मी कांदा फोडून नाकाला लावला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आबा, तो पत्रा तडतड वाजतो. मला वाटतं आता फुटतो का काय." मग आजूबाजूला पाहून म्हणाली, "इथं झाड का नाही लावलं कुणी?"

झाड होतं. पश्चिमेला जिथं ती बसली होती, तिथंच त्याचं खोड होतं. मी काही बोललो नाही.

त्या संध्याकाळी धार काढायला गोठ्यात गेलो आणि जागच्या जागी थांबलो. आमच्या संकरित गायींच्या गोठ्यावर पाचट टाकलेलं, दर फेब्रुवारीत टाकतो. गोठा उंच, चारी बाजूंनी मोकळा. ऊन वाढलं की गाय धापा टाकते, दूध घटतं, आणि डेअरीवरच्या पावतीवर ते दुसऱ्या दिवशी दिसतं. बाजूला कांद्याची चाळ. तिला खालून वारा, बाजूनं वारा, आणि ढीग चार फुटांपेक्षा रुंद नाही, नाहीतर मधला कांदा सडतो. कांद्याला हवा लागते हे मला कळतं. गायीला सावली लागते हे कळतं. पोरांच्या बाबतीत कसं कळलं नाही? कारण कांदा सडला तर वास येतो, दूध घटलं तर पावती येते. पोरगं उन्हात बसून जे शिकलं नाही, त्याची पावती कुणी देत नाही. ते आपलं गुपचूप काठावर पास होतं आणि शेतीला लागतं.

पुढच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण शाळेवर चढलो. अहमदाबाद शहरानं २०१३ मध्ये उन्हाळ्याचा आराखडा केला, तिथं गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देतात हे पुतण्यानं सांगितलं होतं. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं. आम्ही चुना कालवला, धुऊन जाऊ नये म्हणून त्यात फेविकॉल टाकला आणि पत्र्याला दोन हात मारले. आतून अँगलला तारा ओढून तुराट्यांचे तट्टे बांधले, पत्रा आणि तट्ट्यात वीतभर मोकळी जागा सोडली. मोळाजवळ दोन्ही टोकांना गरम हवा जायला झरोके केले. समोरासमोरच्या खिडक्या कायमच्या बंद होत्या, त्या उघडल्या. खर्च एका गायीच्या महिन्याच्या पेंडीएवढा. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी आतून पत्र्याला हात लावला. आधी हात टेकवत नव्हता, आता दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आला. गार नव्हतं म्हणून खोटं सांगणार नाही. पण बसवत होतं. आणि चुना दर वर्षी मारावा लागणार, माळवदावर माती टाकावी लागायची तसाच. फुकटचा गारवा कुठल्याच काळात नव्हता.

आता त्या दोन पत्र्याच्या खोल्यांच्या जागी नव्या खोल्यांचा प्रस्ताव करायचा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत मला 'शिक्षणप्रेमी' म्हणून घेतलंय. दहावी पास शिक्षणप्रेमी! नकाशा आला, सरपंच म्हणाले, "तात्या, तुम्ही जुने, पहिली सही तुमची." मी म्हणालो, "करतो. पण एक अट आहे. ज्यांच्या सह्या कागदावर आहेत, त्यांनी सगळ्यांनी पंचायतीच्या पत्र्याच्या गाळ्यात बारा ते एक बसायचं. पंखा बंद. त्या गाळ्याला आपण चुना मारलेला नाही."

सगळे हसले, पण आले. पंधरा मिनिटं गप्पा चालल्या. वीस मिनिटांनी ग्रामसेवकांनी नकाशाच वारा घ्यायला वापरला. अर्ध्या तासानं सरपंच उठले, शर्टाची वरची बटणं सोडली आणि म्हणाले, "तात्या, पुरे. काय लिहायचंय ते लिहा."

मी लिहिलं. समोरून पडवी, कायम. छत उंच. खिडक्या समोरासमोर, बसलेल्या पोराच्या अंगाला वारा लागेल इतक्या खाली. स्लॅबवर पांढरा थर. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नको, झाड पाहिजे. भिंत आणि स्लॅब भूकंपाचा विचार करून, इंजिनियरच्या सहीनं. लिहिल्यावर त्याखाली माझी सही केली.

झाडासाठी प्रस्ताव मंजूर व्हायची वाट पाहायची गरज नव्हती. जूनच्या पहिल्या पावसात जुन्या खोडापासून थोडं बाजूला लिंबाचं रोप लावलं. काट्यांचं कुंपण मी केलं, पाणी घालायचं काम नातीनं घेतलंय. ती दप्तर टेकवते, डब्यातलं उरलेलं पाणी ओतते आणि मग वर्गात जाते. रोप आता तिच्या गुडघ्याला लागतंय. ते पत्र्याच्या उंचीला पोचेपर्यंत ती हायस्कूलला गेलेली असेल. त्याची सावली तिला मिळायची नाही. मला तर नाहीच. पण ज्यानं तोडलं त्यानं लावलं, एवढं तरी शाळेच्या इतिहासात राहील.